एक दप्तर, तीन लेखनिक

शाळेच्या कचेरीच्या खिडकीशीं फी भरण्यासाठीं उभे राहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं आंत डोकावून पाहिलें असेल, तर तीन मेजांवर तीन संगणक व त्यांपुढें तीन लेखनिक बसलेले त्यांस दिसले असतील. एक जण फीची पावती करीत असतो, दुसरा नवें नांव दाखल करीत असतो, व तिसरा एखाद्या माजी विद्यार्थ्याचा दाखला छापीत असतो. तिघांच्याहि पडद्यावर नांवें मात्र त्याच मुलांचीं. आतां प्रश्न असा कीं, हीं नांवें आहेत कोठें? प्रत्येकाच्या संगणकांत निरनिराळीं, कीं एकाच ठिकाणीं? आणि एकाच ठिकाणीं असल्यास, दोघांनीं एकाच वेळीं एकाच ओळीवर लिहावयास घेतलें तर काय होतें? ह्या प्रश्नांचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय रुक्ष वाटेल; परंतु अशाच एका कचेरींत एका मुलीची खरी जन्मतारीख कशी पुसली गेली, ती हकीकत आम्ही पुढें सांगणार आहों. तोंपर्यंत वाचकांनीं धीर धरावा.

पूर्वीं ही अडचण नव्हती. शाळेचें जनरल रजिस्टर म्हणजे एक जाडजूड, कापडी बांधणीची वही. ती एका वेळीं एकाच मेजावर असावयाची. ज्याच्या हातीं वही त्यानें लिहावें, इतरांनीं वाट पाहावी. वाट पाहण्यांत वेळ जाई व खिडकीबाहेर पालक ताटकळत; पण दोन हात एकाच ओळीवर कधीं पडत नसत. वहीचें वजन हेंच तिचें कुलूप होतें. संगणकांतील वहीस वजन नसतें, आणि येथूनच सगळ्या गोष्टीस आरंभ होतो.

लहान कचेऱ्यांतून अशा वह्या ठेवण्यासाठीं जे प्रोग्रॅम वापरतात, त्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ॲक्सेस हा बराच जुना व परिचित आहे. तो १९९२ च्या नोव्हेंबर महिन्यांत प्रथम विक्रीस आला. माहितीचीं कोष्टकें, तीं भरण्याचे फॉर्म, छापावयाचे अहवाल, असें सर्व कांहीं त्यांत एकाच फाइलींत राहतें. व ह्या माहितीच्या सांठ्यास डेटाबेस असें म्हणतात. ह्या फाइलीचा आकार २ गिगाबाइटच्या पलीकडे जाऊं शकत नाहीं, व एका वेळीं तींत २५५ हून अधिक जणांस शिरतां येत नाहीं, अशी मर्यादा तिच्या कर्त्यांनींच घालून दिली आहे. मात्र २५५ हा आंकडा पाहून कोणीं हुरळून जाऊं नये. लग्नाच्या मांडवांत हजार माणसें मावलीं म्हणून तीं सैंपाकघरांत मावतील असें नाहीं. आमच्या पाहण्यांत पांचसात माणसांच्या कचेरींत हा प्रोग्रॅम सुखानें चालतो; लिहिणारे हात वीस-पंचवीस झाले म्हणजे कुरकुर सुरू होते.

तिघांनीं एक फाइल वापरावयाची, तर ती कचेरींतील एका संगणकावर, सर्वांस उघडतां येईल अशा फोल्डरांत ठेवितात. बाकीचे संगणक केबलींनीं स्विच नांवाच्या लहानशा पेटीस जोडलेले असतात, व त्या मार्गानें ते फोल्डरापर्यंत पोंचतात. येथें पुष्कळांचा एक गैरसमज होतो, व एके काळीं तो आमचाहि होता. तो असा कीं, ज्या संगणकावर फाइल आहे तोच शोधाशोध करून आपल्याला उत्तर धाडतो. तसें मुळींच नाहीं. बँकेंत आपण खिडकीशीं जाऊन शिल्लक विचारतों. आंतला लेखनिक खतावणी उघडून आंकडा सांगतो. खतावणी कांहीं आपल्या हातीं येत नाहीं. एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल ह्या जातीचे मोठे डेटाबेस असे चालतात. तेथें दप्तराशीं एक जाणता लेखनिक बसलेला असतो. ॲक्सेसची फाइल ज्यावर आहे तो संगणक म्हणजे नुसतें कपाट. कपाटापाशीं कोणी बसलेलें नाहीं. तिघेहि आपापल्या मेजावरून स्वतः उठून कपाट उघडतात, हवीं तीं पानें मेजावर आणतात, तेथेंच शोधतात, तेथेंच लिहितात, व पुनः नेऊन ठेवतात. शोधण्याचें व लिहिण्याचें सर्व यंत्र प्रत्येकाच्या मेजावर आहे. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

उदाहरणार्थ, गणिताची आवड असलेल्या मुलांनीं हा हिशेब करून पाहावा. समजा, दप्तरांत ६,००० विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत व एकेका नोंदीस सरासरी २०० बाइट जागा लागते. एकूण १२,००,००० बाइट झाले. ॲक्सेसच्या फाइलीचें एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. तेव्हां सुमारें ३०० पानें भरलीं. आतां नांवावरून एक मुलगा शोधावयाचा आहे, व नांवांची सूचि केलेली नाहीं. तर तीं तीनशेंहि पानें केबलींतून मेजापर्यंत आणावीं लागतात. उलट सूचि, म्हणजे जिला इंडेक्स म्हणतात ती, तयार असेल, तर सूचीचीं दोन-तीन पानें व नोंदीचें एक पान एवढ्यावर काम भागतें. "आमचें नेटवर्क मंद आहे" अशी तक्रार करून नवी केबल विकत आणणाऱ्या गृहस्थांस पुष्कळदां केबलीची नव्हे, तर एका सूचीची गरज असते.

ह्याच ओघांत मराठीविषयीं एक गंमत सांगतों. २००० च्या आवृत्तीपासून ॲक्सेस अक्षरें युनिकोड पद्धतीनें सांठवितो. रोमन अक्षरें त्यास आंखडून एकेका बाइटांत बसवितां येतात. देवनागरी चिन्हें तशीं आंखडत नाहींत, प्रत्येकास दोन बाइट द्यावेच लागतात. 'विद्या' हें नांव लिहितांना व, वेलांटी, द, पाय मोडण्याचें चिन्ह, य व काना अशीं सहा चिन्हें होतात; म्हणजे १२ बाइट. तेंच नांव रोमन लिपींत पांच अक्षरांचें असल्यानें ५ बाइटांत मावतें. म्हणून मराठींत दप्तर ठेवणाऱ्या कचेरीनें जागेचा हिशेब थोडा सढळ हातानें करावा. जागेसाठीं मुलांचीं नांवें रोमन लिपींत लिहावीं असें मात्र आम्ही सुचवीत नाहीं. जागा स्वस्त आहे.

आतां व्यवस्थेकडे वळूं. पहिली चूक बहुतेक सर्व ठिकाणीं होते ती अशी कीं, फॉर्म व कोष्टकें असलेली ती एकच फाइल सामायिक फोल्डरांत टाकून तिघेहि तीच उघडतात. मग एकानें फॉर्म थोडा बदलला कीं दुसऱ्याचें काम अडतें, आणि फॉर्मच्या रचनेंत कांहीं बिघडलें तर मुलांच्या नोंदीहि त्याच फाइलींत अडकतात. योग्य रीत अशी कीं, फाइलीचे दोन भाग करावे. कोष्टकें तेवढीं एका फाइलींत. ही दप्तराची फाइल, ती सामायिक फोल्डरांत राहील. फॉर्म, अहवाल व शोधण्याचे प्रश्न दुसऱ्या फाइलींत. ही मेजाची फाइल, व तिची एकेक प्रत प्रत्येक लेखनिकाच्या स्वतःच्या संगणकावर. मेजाच्या फाइलींत कोष्टकें नसतात, दप्तरांतील कोष्टकांकडे बोट दाखविणारे दुवे असतात. ॲक्सेसमध्यें हें विभाजन करून देणारें साधनच आहे, व फाइल फार मोठी नसेल तर तें काम चहा निवण्याच्या आंत होतें. तिघांपैकीं एकाची मेजाची फाइल बिघडली तर ती फेकून नवी प्रत द्यावी. दप्तरास धक्का लागत नाहीं.

सामायिक फोल्डरांत लक्षपूर्वक पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसेल. सकाळीं पहिल्या लेखनिकानें दप्तर उघडलें कीं, त्याच नांवाची एक चिमुकली फाइल शेजारीं आपोआप उत्पन्न होते, व संध्याकाळीं शेवटचा लेखनिक बाहेर पडला कीं ती आपोआप नाहींशी होते. जुन्या आवृत्त्यांत तिच्या नांवाच्या शेवटीं 'एलडीबी' हीं अक्षरें असत. २००७ पासून 'एलएसीसीडीबी' असतात. ही कुलुपांची वही होय. आंत शिरणाऱ्या प्रत्येकासाठीं तींत ६४ बाइटांची एक ओळ असते: निम्मी संगणकाच्या नांवासाठीं, निम्मी वापरणाऱ्याच्या नांवासाठीं. देवळाबाहेर काढून ठेविलेल्या वहाणांवरून आंत किती माणसें आहेत हें कळावें, तसें ह्या फाइलीवरून दप्तरांत कोणी आहे कीं नाहीं हें कळतें. म्हणून प्रत्येकास त्या फोल्डरांत वाचण्या-लिहिण्याचीच नव्हे, तर फाइल निर्माण करण्याची व काढून टाकण्याचीहि परवानगी द्यावी लागते. कित्येक सावध व्यवस्थापक काढून टाकण्याची परवानगी देत नाहींत. हेतु चांगला असतो, पण मग वहाणा रात्रभर दाराशींच राहतात. दप्तराची दुसरी प्रत काढून ठेवणें, किंवा पुसलेल्या नोंदींची मोकळी जागा आवळून फाइल लहान करणें, हीं कामें ही चिमुकली फाइल नाहींशी झाल्यावरच करावीं. कोणी लिहीत असतां काढलेली प्रत अर्धीं जुनीं व अर्धीं नवीं पानें घेऊन येऊं शकते.

तिघेहि स्वतः पानें नेआण करतात म्हणून वाटेंतला अपघात हा येथला मोठा शत्रु आहे. पान परत ठेवीत असतां मध्येंच संबंध तुटला तर पान अर्धवट राहतें, आणि दुसऱ्या दिवशीं "ही फाइल ओळखतां येत नाहीं" अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. त्यामुळें दप्तरावर लिहिणाऱ्या संगणकांस केबलच पाहिजे; वायफाय क्षणभर गळालें तरी गाणें ऐकणाऱ्यास कळत नाहीं, पण लिहिल्या जाणाऱ्या पानास तो क्षण पुरतो. वीज जाणें आपल्याकडे नवलाचें नाहीं. संगणकांस यूपीएस जोडतात, पण स्विच ही दोन बोटांची पेटी तशीच भिंतींतल्या प्लगला लावलेली असते. वीज गेली कीं तिन्ही संगणक चालू आणि रस्ता मात्र बंद. तिलाहि यूपीएसवर घ्यावें. शिवाय वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स अशा फोल्डरांत हें दप्तर ठेवूं नये. तीं साधनें सबंध फाइल उचलून दुसरीकडे तिची नक्कल करतात. दोन ठिकाणीं दोघांनीं लिहिलें कीं एकाच दप्तराचीं दोन दप्तरें होतात, आणि त्यांतलें खरें कोणतें हें सांगणारा कोणी नसतो.

आतां मुख्य गोष्ट, कुलुपांची. दोघांचे हात एकाच ओळीवर पडूं नयेत म्हणून कुलूप लागतें हें उघड आहे. पण तें कशास लावावें? सर्व वहीस लावलें तर सुरक्षितता पूर्ण, पण दोघे रिकामे बसतात. पानास लावलें तर त्या पानावरील शेजारच्या वीस मुलांसहि विनाकारण कोंडलें जातें. ओळीस लावलें तर कोणाचीच अडवणूक नाहीं, पण कुलुपें सांभाळण्याचें काम वाढतें. कुलूप किती लहान असावें ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार जिम ग्रे ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं आयबीएम कंपनींत असतांना १९७० नंतरच्या वर्षांत केला. त्याच्या अशा कामाबद्दल १९९८ चें ट्युरिंग पारितोषिक त्यास मिळालें. २००७ च्या जानेवारींत सॅन फ्रान्सिस्कोहून तो एकटाच आपली शिडाची नौका घेऊन समुद्रावर गेला तो परत आला नाहीं. पुष्कळ शोध करूनहि नौका सांपडली नाहीं. ॲक्सेसमध्यें आरंभीं कुलूप पानासच लागत असे. एका ओळीस कुलूप लावण्याची सोय २००० च्या आवृत्तींत आली.

दुसरा प्रश्न, कुलूप केव्हां लावावें? येथें दोन पंथ आहेत. एक म्हणतो, लेखनिकानें ओळींत पहिलें अक्षर टाइप करतांच लावावें व लिहिणें संपेपर्यंत काढूं नये. दुसरा म्हणतो, एका ओळीवर दोघे येण्याचा प्रसंग विरळा. तेव्हां लिहितांना कुलूप नको, जतन करण्याच्या क्षणापुरतें पुरे, आणि दोघे आलेच तर मागाहून येणाऱ्यास तशी सूचना द्यावी. नवा फॉर्म केला कीं ॲक्सेस त्यास ह्या दुसऱ्या पंथांत घालतो. आतां ती हकीकत ऐका.

२०१४ च्या जून महिन्यांतील ही गोष्ट. एका शाळेच्या कचेरीचें दप्तर संगणकावर चढविण्याच्या कामीं आम्ही मदत करीत होतों. जुन्या रजिस्टरांतल्या नोंदी उतरून घेतांना एका मुलीची जन्मतारीख १ डिसेंबर ऐवजीं ९ डिसेंबर अशी पडली. हातानें लिहिलेला १ चा आंकडा वरच्या बाजूस थोडा वळला कीं ९ दिसतो, हें सर्वांस ठाऊक आहे. तेथील मुख्य लेखनिक, ज्यांस सर्व जण अण्णा म्हणत, फार दक्ष. त्यांनीं मूळ रजिस्टर व जन्माचा दाखला पाहून ती तारीख दुरुस्त करण्यास घेतली. त्याच सुमारास खिडकीशीं मुलीची आई आली होती. घर बदललें म्हणून नवा पत्ता लिहून घ्या असें तिनें सांगितलें. कनिष्ठ लेखनिक बाईंनीं आपल्या संगणकावर तीच नोंद उघडून पत्ता लिहावयास आरंभ केला. पत्ता लांबलचक होता. तो लिहून होण्यापूर्वीं अण्णांनीं तारीख बदलून नोंद जतन केली व ते दुसऱ्या कामास लागले. मग बाईंनीं आपली नोंद जतन केली, तेव्हां पडद्यावर एक सूचना उभी राहिली: तुम्ही लिहावयास आरंभ केल्यानंतर ही नोंद दुसऱ्या कोणी बदलली आहे, तुम्ही जतन केलें तर त्यांचे बदल पुसले जातील. खालीं तीन बटनें होतीं: जतन करा, आपले बदल बाजूस ठेवा, बदल सोडून द्या. सूचना इंग्रजींत, खिडकीबाहेर रांग, आणि पहिल्या बटनावर 'जतन' असा अर्थाचा शब्द. बाईंनीं तेंच दाबलें. नवा पत्ता जतन झाला, आणि त्याबरोबर त्यांच्या पडद्यावर असलेली जुनी ९ तारीखहि. अण्णांची दुरुस्ती एका क्षणांत गेली, व ती गेल्याचें अण्णांस कळण्यास कांहींच मार्ग नव्हता. त्यांनीं तर आपल्या डोळ्यांनीं १ तारीख जतन झालेली पाहिली होती.

दोन वर्षें ही चूक दप्तरांत निवांत पडून राहिली. २०१६ च्या जूनमध्यें मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यावयास वडिलांबरोबर आली. दाखल्यावर ९ डिसेंबर. वडील शेतकरी, फारसें शिकलेले नव्हते. पण त्यांनीं खिडकीशींच उभें राहून दाखला ओळीनें वाचला, व "साहेब, ही तारीख आमच्या पोरीची न्हवं," असें सांगितलें. आमच्या सर्व यंत्रसामग्रींत त्या दिवशीं उपयोगी पडले ते त्यांचे डोळे. जुनें कापडी रजिस्टर कपाटांतून निघालें, त्यांत १ स्पष्ट वाचतां आला, व दाखला तेव्हांच नवा छापून दिला. मूळ रजिस्टरांतच चूक असती, तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीवांचून एक आंकडाहि हलवितां आला नसता, आणि प्रवेशाचे दिवस तर हातचे निघून गेले असते. आरंभीं अण्णांनीं बाईंस दोष दिला, बाईंनीं संगणकास. आमच्या मतें दोष आमचा होता. सूचना कोण वाचणार व कोणत्या घाईंत वाचणार ह्याचा विचार न करतां आम्हीं फॉर्म तयार केलेल्या स्थितींत तसाच ठेविला होता.

त्याच संध्याकाळीं, कुलुपांची फाइल नाहींशी झालेली पाहून, आम्हीं तीन गोष्टी केल्या. ज्या फॉर्मवरून मुलांच्या मूळ नोंदी बदलतां येतात, त्याचें कुलूप पहिल्या पंथावर आणिलें. म्हणजे एकानें लिहावयास घेतलें कीं दुसऱ्यास त्या ओळींत अक्षरहि टाइप करतां येऊं नये. जन्मतारीख, नांव व जात हे रकाने पत्त्याच्या फॉर्मवरून काढून त्यांसाठीं निराळा फॉर्म केला, व तो अण्णांच्याच संगणकावर ठेविला. आणि दर बदलाबरोबर जुनी किंमत, नवी किंमत, तारीख व संगणकाचें नांव टिपून ठेवणारें एक लहानसें कोष्टक जोडलें. ह्यापुढें कांहीं पुसलें गेलें तर निदान कोणत्या मेजावर पुसलें गेलें हें तरी कळावें.

पहिल्या पंथाची अडचण अशी कीं, एखादा लेखनिक ओळ अर्धी लिहून चहास गेला तर कुलूप तसेंच राहतें. ह्यास उपाय यंत्रांत कमी व माणसांत अधिक. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर त्या ओळीच्या डाव्या अंगास लहानशी पेन्सिल दिसते; दुसऱ्यानें तीच ओळ उघडून लिहूं म्हटलें तर त्याच्या पडद्यावर त्या जागीं आडवी रेघ मारलेलें वर्तुळ दिसतें. पुढें एकदां फीच्या दिवसांत आम्ही त्या कचेरींत गेलों होतों. बाईंच्या पडद्यावर तें वर्तुळ आलें. त्यांनीं एकहि बटन दाबलें नाहीं, खुर्चींतल्या खुर्चींत मान वळवून मोठ्यानें म्हणाल्या, "अण्णा, त्या आठवींतल्या मुलाला सोडा हो, त्याची फी घ्यावयाची आहे." अण्णांनीं चष्मा वर केला, नोंद जतन केली, व "सोडला," म्हणून उत्तर दिलें.